घरातली जुनी शस्त्रं पावसाळ्यामागून पावसाळे कशी टिकवायची

माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे, दिवाणखान्याच्या भिंतीवर किंवा देवघरात लाल कापडात गुंडाळलेली एखादी तलवार, कट्यार, दांडपट्टा, ठासणीची बंदूक अजून कितीतरी घरांत आहे. पाटीलकी, देशमुखी, इनामं गेली, शस्त्रं राहिली. वाटण्या झाल्या किंवा वाडा पाडायला काढला की ती अचानक कुणा एकाच्या हाती येतात. हाती आल्यावर पहिली उबळ येते ती घासून लख्ख करण्याची. ती उबळ काही दिवस आवरता आली तर अर्धं काम झालं. दमट हवेला शस्त्र खायला शंभर वर्षं लागतात; पॉलिश पेपर आणि उत्साही पुतण्या यांना एक दुपार पुरते.

हे लिखाण ज्यांनी असं शस्त्र पहिल्यांदाच सांभाळायला घेतलंय त्यांच्यासाठी आहे. क्रम मात्र सोडू नका. तेल आणि मेण बरंच पुढे येतं.

पहिलं काम: बंदूक भरलेली नाही ना?

तोड्याची असो, चकमकीची असो की टोपीची, ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक रिकामी आहे असं कधीच गृहीत धरू नका. बार भरून ठेवलेली बंदूक बाहेरून ओळखू येत नाही. पुढून ठासलेला बार काढायचा सोपा मार्ग म्हणजे तो उडवणं, त्यामुळे न उडवलेला बार तसाच राहून जाई. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. यातलं काहीही वयामुळे निकामी होत नाही. भिजली तर तेवढ्यापुरती निवते, वाळली की पुन्हा पेटू शकते. २००८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तिथल्या यादवी युद्धातला एक तोफगोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा जीव गेला. गोळा जवळपास दीडशे वर्षांचा होता.

तपासायची रीत अशी. नळीचं तोंड माणसांपासून, भिंतीपलीकडच्या माणसांपासूनही, दूर धरा. जवळ उदबत्ती, विडी, गॅस नको. नळीत डोळा घालून बघायचं नाही. एक सरळ लाकडी किंवा बांबूची काठी अलगद आत सोडा, जिथे टेकेल तिथे नळीच्या तोंडाशी पेन्सिलीने खूण करा, मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहा. काठीचं टोक कानापर्यंत, म्हणजे बत्ती देण्याच्या भोकापर्यंत, पोचत असेल तर नळी बहुधा रिकामी. चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते उंदराचं घरटं, चिंधी, गंजाचा गोळा असू शकतं, आणि बारही असू शकतो. खरवडू नका, पाणी ओतू नका, तापवू तर मुळीच नका. बंदूक आहे तिथेच ठेवून परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याला किंवा पोलिसांना बोलवा. टोपीच्या बंदुकीत निपलवर, म्हणजे टोपी बसवायच्या बारीक नळकांड्यावर, तांब्याची टोपी बसलेली दिसली तरी हाच नियम.

आजोबांच्या काळातली बारा बोअरची दुनळी असेल तर काम सोपं: खटका दाबून ती कमरेत उघडा आणि दोन्ही घरं बोट घालून तपासा. सोबत जुनी काडतुसं मिळाली तर ती आठवण म्हणून ठेवू नका. ती परवान्याच्या हिशेबात येतात.

दुसरं काम: कागद

हा भाग रुक्ष आहे, पण इथे चुकलात तर पुढचं सगळं जतन पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कोठडीत होईल.

भारतात शस्त्रांचा कायदा म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम. बंदुकीला परवाना लागतो, मग ती पणजोबांची का असेना. कलम ४५ मध्ये एक सूट आहे: जुनाट बनावटीचं, पुरातन मूल्याचं किंवा मोडकं असं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कायदा लागू होत नाही. पुष्कळ लोक यातला 'पुरातन' एवढाच शब्द वाचतात. खरी मेख शेवटच्या अटीत आहे. चाप चालतो, नळी शाबूत आहे, कान मोकळा आहे अशी तोड्याची बंदूक दोनशे वर्षांची असली तरी 'वापरता येणार नाही' या वर्णनात बसेल असं स्वतःच ठरवू नका. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त यांच्याकडे, अर्ज करा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी 'असू द्या हो, काही होत नाही' याला कागदावर किंमत नसते.

परवानाधारक वडील किंवा काका वारले की त्यांच्या नावचा परवाना वारसाकडे आपोआप येत नाही. ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारस म्हणून परवान्याचा अर्ज करायचा, असा रस्ता आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन येत. वारशाने आलेल्यांनाही हीच मर्यादा आहे. त्यामुळे ज्या घरात तीन नळ्या आहेत तिथे भावंडांनी बसून आधी बोलून घ्यावं.

तलवार, भाला, कट्यार, जंबिया यांचं प्रकरण वेगळं. नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. शेती, स्वयंपाक, कारागिरी यांची अवजारं त्यातून वगळली आहेत. अशा हत्यारांना परवाना कुठे लागतो हे त्या त्या भागाच्या अधिसूचनेवर अवलंबून असतं, तेव्हा आपल्या ठाण्यात विचारा. घरात पूजेत असलेली तलवार ही एक गोष्ट, आणि मनाई आदेश लागू असताना तीच मिरवणुकीत नाचवणं ही दुसरी. दुसऱ्यासाठी गुन्हे दाखल होतात आणि तलवार जप्त होते. जप्त झालेलं पातं वर्ष-दोन वर्षांनी परत मिळालं तर कोणत्या अवस्थेत असेल ते सांगायला नको.

आणखी एक. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीतल्या मुलाच्या भिंतीवर घरची कट्यार शोभेल हे खरं, पण ती इथेच राहू द्या.

तिसरं काम: हात लावण्याआधी नोंद

फोटो काढा. धुळीसकट, गंजासकट, कोळिष्टकासकट. सगळ्या बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून, सकाळच्या तिरप्या उजेडात. तिरप्या उजेडात पात्यावरच्या आणि नळीवरच्या खुणा उठून दिसतात, ज्या समोरच्या फ्लॅशमध्ये गायब होतात.

या खुणाच बहुधा शस्त्राची किंमत असतात, आणि मी 'किंमत' बाजारातली म्हणत नाहीये. नाव, शक, कारखान्याचा छाप, शस्त्रागाराचा अनुक्रमांक हे पुष्कळदा छिन्नीने टिंबं-टिंबं पाडून लिहिलेलं असतं, तेही उथळ. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या अनेक दख्खनी शस्त्रांवर अशीच टिंबांची अक्षरं आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमधल्या अदोनीहून ती शस्त्रं आली, हे त्या अक्षरांमुळेच आज सांगता येतं. कुणी हौशीने ती घासून काढली असती तर उरली असती नुसती सुंदर, मुकी पाती. तुमच्या बंदुकीच्या नळीवर मोडीत काही असेल तर वाचणारा माणूस शोधा, तोवर त्या जागेला फडकंसुद्धा हळू लावा.

वहीत लांबी, वजन, काय तुटलंय, काय हलतंय ते लिहा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला जे माहीत आहे तेही लिहा, कोण बोललं त्याच्या नावासकट. ओळखीची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा. चिकटपट्टी, स्टिकर, रबरबँड नको: चिकटपट्टीचा डिंक राहतो आणि रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

हाताळणी

उघड्या हाताने पातं धरलं की घामातलं मीठ त्यावर राहतं. दोन आठवड्यांनी तिथे अंगठ्याचा गंजलेला ठसा उमटतो, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. म्हणून हातमोजे. सुती मोजे तेलकट लोखंडावरून निसटतात आणि घाम झिरपू देतात, त्यापेक्षा औषधांच्या दुकानात मिळणारे निळे नायट्राइलचे बरे. तलवार मुठीने आणि पात्याखाली हात देऊन अशी दोन्हीकडून उचला. बंदूक नळीला धरून उचलू नका. जुन्या नळ्या दस्त्याला पितळी कड्यांनी, तारेने, कधी चामड्याच्या वादीने बांधलेल्या असतात आणि ती वादी तुमच्याच हातात तुटायची वाट बघत असते.

सुटे करून बघायचा मोह आवरा. जुने खिळे आणि स्क्रू हाताने घडवलेले असतात. एकाची जागा दुसऱ्याला बसत नाही.

गंज वाचायला शिका

सगळा गंज सारखा नसतो, आणि सगळा काढायचाही नसतो. गडद तपकिरी किंवा काळसर, गुळगुळीत, बोटाला न लागणारा थर हा बहुतेक वेळा स्थिरावलेला असतो. तो जुनेपणाचा रंग आहे. खालच्या लोखंडाला तो काही अंशी झाकतोसुद्धा. त्याला हात लावू नका.

नारिंगी, भुसभुशीत, फडक्याला लागणारा गंज चालू आहे. त्याच्याकडे लक्ष द्यायचं. आणि पावसाळ्यात पृष्ठभागावर बारीक तपकिरी-पिवळ्या थेंबांची घामोळी दिसली तर ती सगळ्यात वाईट खूण: लोखंडात क्षार शिरलेत आणि ते हवेतलं पाणी ओढतायत. मालवण-रत्नागिरीपासून वसईपर्यंत किनाऱ्यालगतच्या घरांत, किंवा जमिनीत पुरून ठेवलेल्या शस्त्रांत हे दिसतं. वरवर तेल चोपडून हा रोग बरा होत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. अशी वस्तू कोरड्या पेटीत बंद करा आणि संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याच्या तज्ज्ञाला, दाखवा.

बारा बोअरच्या जुन्या नळ्यांतही मिठाचाच खेळ असतो. काळ्या दारूची राख ओलावा धरते, आणि जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनातून जो क्षार मागे राहतो तो जवळजवळ स्वयंपाकातल्या मिठासारखाच वागतो. म्हणून जुने शिकारी बंदूक चालवून आल्यावर नळी आधी गरम पाण्याने धूत, पूर्ण वाळवत आणि मग तेल लावत. नुसतं तेल लावणाऱ्याच्या नळीला आतून खड्डे पडत.

पात्यावर लाटांसारखी, पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी दिसत असेल तर ते जौहरदार पोलाद आहे. ही नक्षी पोलादाच्या घडणीतूनच येते, पण दिसते ती वरच्या कातडीवर केलेल्या रासायनिक धुलाईमुळे. एमरी पेपर फिरवला की पातं स्टीलच्या पट्टीसारखं चकाकतं आणि नक्षी नाहीशी होते. मुठीवर सोन्या-चांदीचं कोफ्तगारी काम असेल तर आणखी जपा: खरबरीत केलेल्या लोखंडावर तार नुसती ठोकून बसवलेली असते. खाली गंज फुगला की ती उचलली जाते, वरून पॉलिश घासलं की ती निघून फडक्यावर येते.

साफ करायचं ते एवढंच

साहित्य: मऊ ब्रश, धुतलेलं जुनं सुती बनियन, शिलाई मशीनचं तेल, रंगाच्या दुकानात मिळणारं एमटीओ (रंग पातळ करायचं मिनरल टर्पेंटाइन), बांबूच्या काड्या, कापूस.

आधी कोरडी धूळ ब्रशने. मग जुनं घट्ट झालेलं तेल एमटीओत बुडवलेल्या कापसाने, खिडक्या उघड्या ठेवून, जवळ आग नसताना. चालू गंजावर मशीनच्या तेलाचे थेंब टाकून एक दिवस सोडा, दुसऱ्या दिवशी बांबूच्या काडीने अलगद खरवडा आणि पुसा. लागलं तर पुन्हा. दोन-तीन खेपांत जे निघत नाही ते राहू द्या. नळीच्या आत लाकडी गजाला कापड गुंडाळून हेच.

लाकडी दस्त्याला पाणी नको, एमटीओ नको. कोरडं फडकं पुरे. लाकडाच्या भेगांतून पीठ गळत असेल तर भुंगेरा लागलाय. वस्तू वेगळ्या पिशवीत बंद करा म्हणजे बाकीच्या लाकडाला लागण होणार नाही, आणि जाणकाराला विचारा. रॉकेल ओतू नका.

तलवारीच्या मुठीला पाणी आणि उष्णता दोन्ही नकोत, याला कारण आहे. आपल्याकडच्या तलवारींत पातं मुठीत लाखेच्या मिश्रणाने बसवलेलं असतं. उन्हात ठेवलेली, गरम पाण्यात बुडवलेली मूठ म्हणूनच सैल होते. सैल मूठ दिसली की आपल्याकडे लगेच एम-सील नाहीतर अरल्डाइट काढतात. नका काढू. लाख उद्या कुणी तापवून परत बसवू शकेल, अरल्डाइट मात्र कायमचं.

पितळेला चिंच, लिंबू, पीतांबरी चालणार नाही. देवाची भांडी रोज वापरात असतात, त्यांचं वेगळं. शस्त्रावरचं पितळ आम्लाने खाल्लं जातं, आणि पितळ-लोखंडाच्या सांध्यात अडकलेलं आम्ल पुढे कित्येक महिने लोखंड खातं. शिवजयंतीच्या आदल्या दिवशी तलवारीला ॲल्युमिनियम रंग मारणं किंवा निकेल चढवून आणणं याबद्दल माझं मत लिहिलं तर ते छापण्याजोगं राहणार नाही.

वरून काय लावायचं

तेल आणि मेण, दोन्हीची जागा वेगळी. मशीनचं तेल म्हणजे पातळ खनिज तेल. ते स्वच्छ असतं, लावायला सोपं असतं, पण ओघळतं आणि उडतं, म्हणून काही महिन्यांनी परत लावावं लागतं. बंदुकीची यंत्रणा आणि नळीचा आतला भाग यांना ते ठीक. फक्त थेंबभर. जास्त तेल ओघळून दस्त्यात मुरतं आणि तिथलं लाकूड काळं, मऊ, भुसभुशीत होतं. जुन्या दुनळ्यांत जिथे लोखंड लाकडात बसतं तिथे हे हमखास सापडतं. बंदूक उभीच ठेवायची असेल तर म्हणूनच नळीचं तोंड खाली करून ठेवतात.

खोबरेल नको. कोकणातल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तेच लावलं गेलं हे मला ठाऊक आहे, आणि काहीच न लावण्यापेक्षा ते बरं होतं. पण ते खवट होतं, त्यातून आम्ल सुटतं, आणि पितळेवर हिरवा थर धरतो. जवसाचं तेल तर वाळून वार्निशसारखा कडक थर होतो, जो पुढे काढताना नक्षीही घेऊन जातो. डब्ल्यूडी-४० चं नावच मुळी 'पाणी हटवणं' या कामावरून पडलंय. भिजलेल्या लोखंडावरचं पाणी हटवायला उत्तम, पाच वर्षांच्या साठवणीला पुरेसं नाही.

पात्याला, नळीच्या बाहेरच्या अंगाला, पितळेला आणि लाकडालाही चालणारी एकच गोष्ट म्हणजे मायक्रोक्रिस्टलाइन मेण. रेनेसान्स वॅक्स या नावाने मिळतं ते याच प्रकारातलं. ते १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालं आणि जगभरची संग्रहालयं ते वापरतात. महाग आहे, पण एक लहान डबी घरच्या चार शस्त्रांना बरीच वर्षं जाते. धातू आधी एमटीओने तेलविरहित करा, कापडाच्या टोकावर जेमतेम दिसेल एवढं मेण घ्या, पातळ फिरवा, थोडं थांबा, कोऱ्या फडक्याने पुसा. थर दिसत असेल तर जास्त झालंय. मेण परवडत नसेल तर नुसत्या लोखंडी पात्याला पेट्रोलियम जेली, अगदी पातळ. सैन्यं राइफली वर्षानुवर्षं साठवताना पेट्रोलियमचंच जाड ग्रीस लावत आली आहेत, पण ते पुढे काढणं ही शिक्षा असते. वापरायची नाही, फक्त जपायची अशा घरच्या वस्तूला तेवढ्याची गरज नाही.

म्यानातून बाहेर, खोळीतून बाहेर

नव्याने सांभाळणाऱ्यांना हे सगळ्यात विचित्र वाटतं: तलवार म्यानात ठेवायची नाही. म्यान म्हणजे लाकूड, वर चामडं किंवा मखमल. पावसाळ्यात ते पाणी पितं आणि पात्याला पाजतं. कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं ते वेगळंच. पातं आणि म्यान शेजारी शेजारी ठेवा, दोघांना एकच नंबर द्या. बंदुकीच्या चामडी किंवा स्पंज लावलेल्या खोळीचंही तेच. ती प्रवासापुरती.

गुंडाळायचं तर धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात. लाल मखमल, लोकर, वर्तमानपत्र नको. नवीन प्लायवूडच्या कपाटातून आणि ताज्या लाकडातून आम्लाची वाफ निघत राहते. लाकडी पेटीत ठेवलेल्या शिशाच्या गोळ्यांवर पांढरं पीठ चढलेलं कधी पाहिलं असेल, ते त्याचंच काम. लोखंडी कपाट बरं. ते बाहेरच्या भिंतीला, न्हाणीघराच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून वीतभर उचला. स्वयंपाकघराजवळ फोडणीचा धूर आणि देवघरात उदबत्तीची काजळी बसते. दोन्हीकडे चिकट थर होतो आणि तो ओलावा धरतो.

भिंतीवर टांगायची हौस असेल तर आतल्या भिंतीवर, आणि परवान्याची बंदूक तर नाहीच. ती कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

हवा किती कोरडी?

लोखंड साधारण ६५ टक्के आर्द्रतेच्या पुढे झपाट्याने गंजतं. जुलैत कोकणात हवा ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, पुण्यातही ८० ओलांडते. उलट नागपूर-अकोल्याकडे मेमध्ये ती इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसून दस्त्याला चीर जाते. म्हणजे नुसतं 'कोरडं ठेवा' हे अर्धंच खरं. निव्वळ धातूचं शस्त्र जितकं कोरडं तितकं चांगलं. लाकूड, हस्तिदंत, चामडं असलेली वस्तू ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे स्थिर ठेवायची. रोजची चढउतार लाकडाला जास्त मारते.

यासाठी झाकणाला रबरी पट्टी असलेली हवाबंद पेटी आणि सिलिका जेल. उघड्या कपाटात सिलिका जेल ठेवणं म्हणजे पैसे वाया, ते दोन दिवसांत तृप्त होतं. रंग बदलणारे दाणे घ्या. भरले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर काही तास तापवून परत वापरता येतात. ज्या ओव्हनमध्ये केक होतो त्यात नको, रंगाची रसायनं खाण्याची नाहीत. बंदुकीच्या पेटीत एकदम भरपूर कोरडं जेल टाकलं तर लाकूड तडकेल, म्हणून थोडं थोडं टाका आणि आकडा बघत राहा.

आकडा बघायला छोटा डिजिटल आर्द्रतामापक पुरतो, काही शे रुपयांत मिळतो. त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, मापकासोबत बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ७१ दाखवत असेल तर तुमचा मापक चार कमी दाखवतो, पेटीवर तसं लिहून ठेवा.

गंजरोधक वाफ सोडणारा व्हीसीआय कागद मिळतो, तो बंद पेटीत लोखंडासाठी चांगला. पितळ-चांदी असेल तर कोणत्या धातूंसाठी आहे ते वेष्टनावर पाहून घ्या. नॅप्थालीनच्या गोळ्या आणि कापूर मात्र पेटीत नकोत.

वातानुकूलित खोलीतली पेटी बाहेर आणली तर लगेच उघडू नका. थंड लोखंडावर दमट हवेचं दव धरतं. पेटी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण काढा.

वर्षातून दोनदा, आणि खंडेनवमी

एक तपासणी मृगाआधी, मेच्या शेवटी. दुसरी पावसाळा सरल्यावर, आणि तिच्यासाठी मुहूर्त आपल्या पंचांगात आहेच: खंडेनवमी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. शस्त्रपूजेची प्रथा म्हणजे मुळात वार्षिक देखभालच आहे, फक्त पूजेच्या दिवशी शस्त्राचं जे नुकसान होतं ते टाळलं पाहिजे.

पूजेआधी मेणाचा किंवा तेलाचा थर असू द्या. हळदकुंकू पाटावर, सुपारीवर किंवा शेजारी ठेवलेल्या म्यानाच्या कापडावर वाहा. पात्यालाच लावायचं असा घरचा आग्रह असेल तर कोरडं लावा, ओलं गंध नको. पाणी शिंपडणं, पंचामृत, ओल्या झेंडूच्या माळा मुठीत अडकवणं हे टाळा. आजी-आत्यांना हे सांगणं तुमच्यावर, पण 'शस्त्राला त्रास होतो' म्हटलं की बहुतेक जणी ऐकतात. कोहळा कापायचा असेल तर कोयत्याने. कोहळ्याचा, लिंबाचा रस पात्यावर राहिला तर चोवीस तासांत डाग. त्याच संध्याकाळी सगळं पुसून परत पातळ मेण, परत पेटी. नवा फोटो काढा आणि मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून पाहा. डाग वाढलाय का हे डोळ्याच्या आठवणीवर कधीच कळत नाही.

आचारसंहिता लागली की

निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रं पोलिसांकडे जमा करायला सांगतात. तिथे बंदूक महिना-दोन महिने इतर बंदुकांसोबत उभी राहणार, कुणी पुसणार नाही. नोटीस आली की त्याच दिवशी नळीत आतून तेल, बाहेरून मेण, लाकडाला मेण, आणि मांजरपाटाची स्वच्छ खोळ. चामडी खोळीत घालून देऊ नका. जमा करताना पावतीवर बनावट, क्रमांक आणि 'दस्त्याला उजवीकडे जुनी चीर' असं अवस्थेचं वर्णन लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. परत मिळाली की आधी रिकामी असल्याची खात्री, मग जुनं तेल पुसून पहिल्यापासून सगळं.

घरात सांभाळणारं कुणी उरलं नसेल, मुलं परगावी आणि घर बंद राहत असेल, तर बंद घरातली ओल हा शस्त्राचा अंतच. अशा वेळी संग्रहालयाशी बोला. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांच्याकडे शस्त्रं आहेत. मुंबईच्या संग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्रही आहे. सरकारी पातळीवरची मोठी प्रयोगशाळा लखनौला आहे. संग्रहालय प्रत्येक तलवार घेईलच असं नाही, एकसारख्या तलवारी त्यांच्याकडे पुष्कळ असतात. पण वहीतली नोंद, फोटो आणि 'ही कुठून आली' याची घरातली हकीकत सोबत नेलीत तर तुमच्या वस्तूकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. आणि परवान्याचं शस्त्र नेण्याआधी ते हलवायची परवानगी कागदावर घ्या.